दक्षिणेच्या खोलीचा तास

ऑफिसात त्यांना सगळे तासबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. मोठमोठ्या इमारतींच्या एसीची आखणी करून देणारं ते ऑफिस. रिपोर्ट कोणीही पुढे ठेवो, अगदी साहेबांनीही, बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "तास कुठला?" आकडा लहान की मोठा हे त्या नंतर बघत.

त्यांची सून त्याच ऑफिसात, त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसायची. लग्नानंतर दोन वर्षांनी तिची आधीची कंपनी बंद पडली आणि इथे इंजिनियरची जागा निघाली. लोक म्हणाले, "अगं, घरी सासू, दारी सासू, जगणार कशी?" तिलाही पहिल्या दिवशी तोच प्रश्न पडला होता. सासूबाईंनी बसमध्येच सांगून टाकलं, "हे बघ, त्या दारातून आत गेल्यावर मी तुझी आई नाही. आणि परत बाहेर आल्यावर तू माझ्या चुका काढायच्या नाहीस. त्या आत असतानाच काढ."

सासूबाई मॅट्रिक. ड्रॉइंगचा एक वर्षाचा कोर्स करून एकोणिसाव्या वर्षी इथे ट्रेसर म्हणून लागल्या. पारदर्शक कागदावर शाईने नकाशे गिरवायचे, चुकलं तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं. सासरे गेले त्याच वर्षी ऑफिसात कॉम्प्युटर आले. ट्रेसरच्या जागा बंद होणार हे उघड होतं. चाळिसाव्या वर्षी बाई रोज तासभर लवकर येऊन त्या सॉफ्टवेअरसमोर बसू लागल्या. सगळा कारभार इंग्रजीत. त्यांनी एक दोनशे पानी वही केली. डावीकडे पडद्यावरचा इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठीत त्याचं काम. "शब्दाचा अर्थ नाही विचारायचा," त्या सुनेला म्हणत, "त्याला विचारायचं, बाबा रे, तू करतोस काय? काम सांगता आलं की अर्थ आपणहून येतो."

पीक लोड रिपोर्ट वाचायला सुनेला त्यांनीच शिकवलं. म्हणजे डिग्रीच्या चार वर्षांत ते शिकून झालेलं होतं, असं सुनेला वाटत होतं. इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, भिंती, काचा, माणसं, दिवे सगळं सांगायचं, वर्षभराचं हवामान तिच्यावरून जाऊ द्यायचं. वर्षात आठ हजार सातशे साठ तास. त्यातल्या ज्या तासाला थंडाव्याची गरज सगळ्यात जास्त, तो पीक. तेवढं मशीन बसवायचं. झालं!

"झालं काय?" सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी ड्रॉवरमधून लाकडी फूटपट्टी काढली आणि रिपोर्टवरचा आकड्यांचा रकाना झाकून टाकला. उरला तो फक्त महिना, तारीख आणि तास. "आता डोळे मीट. तू त्या खोलीत उभी आहेस, त्या तारखेला, त्या वाजता. ऊन कुठून येतंय? किती माणसं आहेत? दिवे लागलेत का? दार उघडं आहे का? बघितलंस? आता अंदाजाने आकडा लिही पेन्सिलीने. मग पट्टी काढ."

पहिल्या दिवशी सुनेचा अंदाज दुप्पट निघाला होता. सासूबाई हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "माणसं मोजताना लग्नाचा हॉल समजलीस वाटतं दवाखान्याला."

एकदा एका सभागृहाच्या रिपोर्टात पीक आलं पहाटे तीन वाजता. इंजिनियर लोक आकड्यावर खूश, कारण आकडा नेहमीसारखाच होता. बाईंनी पट्टी ठेवली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "पहाटे तीनला दोनशे माणसं तिथे काय करतायत? भुतांचं संमेलन आहे का?" कोणीतरी दुपारच्या तीनच्या जागी पहाटेचे तीन भरले होते. ऑफिस दोन दिवस हसत होतं.

पण त्यांची खरी शिकवण होती ती पातेल्याची. सॉफ्टवेअर दोन पानं देतं. एका पानावर सगळ्या इमारतीचा मिळून जो सगळ्यात जड तास, त्या एकाच तासाला कुठल्या खोलीला किती लागलं ते. दुसऱ्या पानावर प्रत्येक खोलीचा स्वतःचा सगळ्यात जड तास, मग तो कधीही येवो. दोन्ही पानं दिसायला जुळ्या बहिणी.

"घरात पाच माणसं," सासूबाई सांगत, "पाचांची भूक एकाच वेळी टोकाला जात नाही. कोणी सकाळी सपाटून खातं, कोणी संध्याकाळी. पातेलं किती मोठं हवं? तर सगळ्यांची मिळून जी सगळ्यात मोठी भूक, तेवढं. पण ताट? ताट ज्याच्या त्याच्या भुकेएवढं. गच्चीवरचं मोठं मशीन म्हणजे पातेलं, ते पहिल्या पानावरून घ्यायचं. खोलीच्या छतातलं छोटं मशीन म्हणजे ताट, ते दुसऱ्या पानावरून. पातेल्याच्या हिशेबाने ताट दिलंस तर कोणीतरी उपाशी उठेल."

गेल्या अठरा वर्षांत बाईंनी तपासलेल्या रिपोर्टात एकही चूक निघाली नव्हती. साहेब नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "तासबाईंची सही आहे, तुम्ही निर्धास्त झोपा." बाई मात्र रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधी टेबलाशी क्षणभर हात जोडत. सुनेने एकदा विचारलं, काय मागता? म्हणाल्या, "मागायचं काय? एवढंच म्हणते, डोळा उघडा ठेव रे बाबा, माझा."

आता त्यांच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. शुक्रवारी निरोपाचा कार्यक्रम. सोमवारी त्यांनी आपलं कपाट सुनेच्या ताब्यात द्यायला सुरुवात केली. एकेक फाइल काढायची, धूळ झटकायची, दोन वाक्यं सांगायची. मंगळवारी दुपारी त्या साहेबांकडे कामाला गेल्या असताना सून एकटीच चालू कामाची फाइल चाळत होती. बाळंतपणाचं एक छोटं हॉस्पिटल, एकेचाळीस खोल्या, काम संपत आलेलं. सासूबाईंच्या हाताचा तक्ता वर होता: खोली, महिना, तास, आकडा. गंमत म्हणून तिने आकड्यांवर पट्टी ठेवली आणि एकेका खोलीत जाऊन उभी राहू लागली.

पूर्वेची खोली, एप्रिल, सकाळी नऊ. बरोबर, ऊन अंगावर. पश्चिमेची, मे, संध्याकाळी पाच. स्वयंपाकघर, मे, दुपारी बारा. आणि दक्षिणेची मोठ्या खिडकीची खोली, नवजात बाळांची. मे, दुपारी चार.

ती त्या खोलीत उभी राहिली, आणि तिला ऊन सापडेना.

मे महिन्यात सूर्य डोक्यावरून जातो. वर हातभर सज्जा. चार वाजता तर ऊन पार पश्चिमेला. मग या खोलीचा सगळ्यात जड तास तेव्हा कसा? दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतं ते थंडीच्या तोंडावर, सूर्य खाली उतरल्यावर, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. मे, दुपारी चार हा तर अख्ख्या इमारतीचा तास.

तिने सॉफ्टवेअर उघडलं. दुसऱ्या पानावर त्या खोलीसमोर लिहिलं होतं: नोव्हेंबर, दुपारी दोन, दोन पूर्णांक एक टन. तक्त्यात होतं एक पूर्णांक चार. मशीन गेलं होतं दीड टनाचं.

कसं झालं तेही तारखांवरून कळलं. आधी त्या कोपऱ्यात सामानाची खोली होती. बाळांना चांगला उजेड मिळावा म्हणून हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मागाहून दोन्ही खोल्यांची अदलाबदल केली. सासूबाईंनी सगळं पुन्हा चालवलं, गच्चीवरचं मशीन पुरेल ना हे बघायला पहिलं पान उघडलं, आणि त्याच पानावरून या एका खोलीचा आकडा उतरवला. चाळीस खोल्यांची ताटं बरोबर. एकेचाळिसाव्या खोलीला पातेल्याचा हिशेब लागला होता.

साइटच्या पत्रकानुसार गुरुवारी त्या खोलीचं फॉल्स सीलिंग बंद होणार होतं. एकदा छत बंद झालं की मशीन आत गाडलं गेल्यासारखंच. मग नोव्हेंबर येईल, काचेच्या पेट्यांतली बाळं उन्हात तापतील, आणि नर्स मशीन पूर्ण वेगावर ठेवून म्हणेल, का बरं गार होत नाहीये?

ती फाइल मिटून बसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कसं?

घरी तिने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "आईला तीन दिवस राहिलेत गं. तू मिस्त्रीला सांगून परस्पर मशीन बदल ना. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"परस्पर कशी बदलणार? तक्त्यावर सही आईंची आहे."

"मग शुक्रवारनंतर सांग."

"छत गुरुवारी बंद होतंय."

तो नुसताच मानेमागे खाजवत उभा राहिला.

बुधवारी सकाळी सासूबाई ओट्याशी चहा गाळत होत्या. सुनेने शब्द जुळवून ठेवले होते, ते ऐन वेळी सगळे पळाले. ती एकदम म्हणाली, "आई, हॉस्पिटलची बाळांची खोली. तास मे, दुपारी चार लिहिलाय तुम्ही."

सासूबाईंचा हात थांबला. गाळणं तसंच कपावर. त्यांनी डोळे मिटले. सून बघत राहिली. तिला कळत होतं, त्या आता त्या खोलीत जाऊन उभ्या आहेत. उघडले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"ऊन नाहीये तिथे," त्या हळूच म्हणाल्या. मग, "खरा कुठला?"

"नोव्हेंबर. दुपारी दोन. दोन पूर्णांक एक."

"पहिल्या पानावरून घेतला मी." त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "केव्हा सापडलं तुला?"

"काल दुपारी."

"आणि आत्ता सांगतेस? एक अख्खी संध्याकाळ घालवलीस की गं!"

"मला वाटलं, तुम्हाला..."

"मला काय वाटेल ते मी बघेन. त्या खोलीत मी नाही झोपणार, एवढी एवढीशी लेकरं झोपणार आहेत." आवाज चढला तसा खालीही आला. त्यांनी सुनेचा हात धरला आणि दाबला. "पट्टी ठेवून वाचलंस?"

"हो."

"बरं केलंस. चल, डबा राहू दे आज."

बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत ओठातल्या ओठात काही पुटपुटत होत्या. सुनेला वाटलं देवाचं नाव घेतायत. जवळ वाकून ऐकलं तर मशीनची मापं म्हणत होत्या. की दोन्ही चाललं होतं, कोण जाणे.

साहेबांना हे ऐकून दरदरून घाम फुटला. माणूस वाईट नव्हता, पण डॉक्टरीणबाईंना टरकून असायचा. "अहो बाई, आपण दहा टक्के जादा धरतोच की! भागून जाईल."

"साहेब, कमी पडतंय ते तिसऱ्या हिश्श्याएवढं. आणि ते दहा टक्के आपल्याला जे कळत नाही त्यासाठी असतात. जे कळलंय त्यासाठी नव्हे."

"मग असं करू. काचेला फिल्म लावा म्हणून सुचवू. 'अधिक सोयीसाठी' वगैरे. चूकबिक शब्दच नको."

"फिल्म लावून चालवून बघितलं मघाशी. एक पूर्णांक आठ. तरी अपुरंच. शिवाय त्या बाईंनी उजेडासाठी खोली बदलली, आणि आपण काचच काळी करायची?"

"तासबाई," साहेबांच्या तोंडून तोंडावर निसटलंच, "परवा तुमचा निरोप. मी भाषण लिहून ठेवलंय, अठरा वर्षांत एकही चूक नाही म्हणून!"

"मग ते वाक्य खोडा," सासूबाई म्हणाल्या. "हलक्या हाताने."

सून हसावं की रडावं अशा तोंडाने उभी होती. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "जा. पण मला बरोबर या म्हणू नका."

निघण्याआधी सासूबाईंनी एक काम केलं. उरलेल्या चाळीस खोल्या दोघींनी पुन्हा तपासल्या. एकीने तास वाचायचा, दुसरीने पान सांगायचं. सगळी बरोबर निघाली. मग त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात पत्र लिहिलं. चार ओळी. तिसरी ओळ होती: "ही चूक माझी आहे, सॉफ्टवेअरची नाही."

हॉस्पिटलमध्ये रंगाचा वास भरला होता. दक्षिणेच्या खोलीत शिडीवर मिस्त्री चढलेला, छताचे पत्रे भिंतीला लावून ठेवलेले. ऐकल्यावर तो शिडीवरूनच म्हणाला, "बाई, परवा घट्ट केलेले नट आज सैल करायचे? माझ्या सासूनेसुद्धा मला एवढं नाचवलं नाही."

"माझ्या सुनेनं मला नाचवलं, तू तर परका," सासूबाई म्हणाल्या. "पाइप पुरेल का ते सांग."

त्याने कुरकुरत माप घेतलं. पाइप पुरणार होता, व्हॉल्व्ह बदलावा लागणार होता. अडीच टनाचं मशीन यायला आठ दिवस.

डॉक्टरीणबाई आल्या त्या घाईतच. पत्र उभ्यानेच वाचलं. एकदा वाचलं, मग पुन्हा. सुनेला वाटलं, आता कडाडणार.

"म्हणजे हे तसंच राहिलं असतं तर नोव्हेंबरात खोली तापली असती."

"हो. दुपारी साडेबारापासून चारपर्यंत. बाहेर गार, आत गरम. कुणाला पटकन कळलंही नसतं."

"वरचं मोठं मशीन?"

"ते बरोबर आहे. त्याचा तास वेगळा."

"बाकीच्या खोल्या?"

"चाळीसही पुन्हा बघितल्या, आज सकाळी. हिच्यासोबत." सासूबाईंनी सुनेकडे बोट केलं. "चूक हिने धरली. मी नाही."

डॉक्टरीणबाई सुनेकडे वळल्या. "तुम्ही यांच्या कोण?"

सुनेला क्षणभर काय सांगावं कळेना. दारातून आत आल्यावर ती सून नव्हती. "शिष्या," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

"बाई," डॉक्टरीणबाई सासूबाईंना म्हणाल्या, "माझ्या धंद्यात लोक चूक कागदावर लिहीत नाहीत. तोंडानेही सांगत नाहीत." त्यांनी पत्राची घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली. "मी रागावलेली आहे, हे लक्षात ठेवा. पण या खोलीचं छत तुम्ही सांगाल तेव्हाच बंद होईल."

परतताना सासूबाई फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर मटकन बसल्या. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "चाळीस वर्षांत एवढी भ्याले नव्हते गं मी. कॉम्प्युटर आले तेव्हासुद्धा नाही."

"मग गेलात कशा आत?"

"पायांनी," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी निरोप झाला. साहेबांनी ते वाक्य खरंच खोडलं होतं, पण त्याच्या जागी काय म्हणायचं ते सुचलं नव्हतं. म्हणून ते भाषणाच्या मध्येच अडखळून गप्प उभे राहिले, आणि टाळ्या तिथेच पडल्या. नवव्या दिवशी मशीन आलं. निवृत्त झालेल्या सासूबाई ऑफिसची बस सोडून साध्या बसने जाऊन ते टांगताना बघून आल्या, आणि मगच छत बंद झालं.

नोव्हेंबर उजाडला. हॉस्पिटल सुरू होऊन तीन महिने झाले होते. सुनेने एका निरभ्र दिवशी रजा टाकली आणि सासूबाईंना म्हणाली, "चला, येताय?"

"मी? निकाल बघायला जाऊ होय? तू जा. मला डाळ निवडायचीय." पण डाळीचा डबा त्या दिवशी सकाळपासून उघडलेलाच नव्हता.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना सून दक्षिणेच्या खोलीशी पोचली. नर्सने तिला दारातच अडवलं. "आत नाही हं. काचेतून बघा." ऊन समोरच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. चार पेट्या, चार मुठीएवढी तोंडं. एक बाळ झोपेतच जांभई देत होतं. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा तिला काचेतून नीट दिसेना, म्हणून नर्सनेच आत वाकून सांगितलं, "पंचवीस. सकाळपासून पंचवीसच आहे. का, काय झालं?"

"काही नाही," सून म्हणाली. कोणाला हात जोडावे कळेना, म्हणून तिने काचेलाच जोडले.

बाहेर येऊन तिने घरी फोन लावला. एका घंटीत उचलला गेला.

"आई, पंचवीस आहे. सकाळपासून हललं नाही."

"दोन वाजलेत?"

"दोनला एक मिनिट आहे."

"पंखा कुठल्या वेगावर आहे?"

सून परत आत पळाली, विचारून आली. "मधल्या."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि सासूबाई म्हणाल्या, "मधल्यावर चालतंय म्हणजे वरचा वेग अजून शिल्लक आहे. तारीख आणि तास घालून लिहून ठेव. आणि अर्धा तास थांब तिथे, ऊन लगेच नाही जात."

"थांबते," सून म्हणाली, आणि खोलीसमोरच्या बाकावर जाऊन बसली.